दहशतवादाचा रंग आणि चेसिसचा नंबर

२१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही जणांची शिक्षा रद्द केली. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये त्यातल्या पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली होती. बरोबर दहा दिवसांनी, ३१ जुलैला, मुंबईतल्याच विशेष एनआयए (राष्ट्रीय तपास संस्था) न्यायालयाने मालेगावच्या २००८ मधल्या स्फोटातल्या सातही आरोपींना सोडलं. पहिल्या खटल्यातले आरोपी मुसलमान, दुसऱ्यातले हिंदू. दोन्ही ठिकाणी आरोपपत्र पहिल्यांदा दाखल केलं ते महाराष्ट्र एटीएसने, म्हणजे दहशतवादविरोधी पथकाने.

पहिल्या निकालावर मुख्यमंत्र्यांची प्रतिक्रिया ‘धक्कादायक’ अशी होती. सरकार ताबडतोब सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २४ जुलैला तिथून आदेश आला, की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये. सुटलेल्यांना मात्र परत आत घ्यायची गरज नाही. दुसऱ्या निकालानंतर त्याच मुख्यमंत्र्यांनी लिहिलं, दहशतवाद भगवा कधी नव्हता, नाही आणि राहणारही नाही. या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयाची पायरी चढले ते मालेगावचे पीडित. विरोधी बाकांवरही गंमत कमी नव्हती. ‘भगवा’ हा शब्द नको होता, ‘सनातनी’ किंवा ‘हिंदुत्ववादी’ म्हणा, अशी दुरुस्ती एका माजी मुख्यमंत्र्यांनी सुचवली. चॅनेलवाल्यांना संध्याकाळच्या चर्चेचा विषय मिळाला: दहशतवादाला रंग असतो का?

दोन्ही निकालपत्रं शेजारी ठेवून वाचली, तर रंगाबद्दल फार काही हाती लागत नाही. पानंच्या पानं भरलीत ती पंचनाम्यांनी, सीलांनी, सह्यांनी, तारखांनी. खटला तिथे बुडाला. रंगावरचा सतरा वर्षांचा गदारोळ चालू असताना तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

मालेगावची मोटरसायकल घ्या. २९ सप्टेंबर २००८, रमजानचे दिवस, दुसऱ्या दिवशी घटस्थापना. रात्री साडेनऊच्या सुमारास भिकू चौकाजवळ एका ट्रान्सपोर्ट कंपनीसमोर स्फोट झाला, सहा माणसं गेली. तिथे सापडलेली एलएमएल फ्रीडम हा सरकारपक्षाच्या अख्ख्या कहाणीचा खिळा होता. बॉम्ब या गाडीत बसवला होता, गाडीवरची नंबरप्लेट खोटी होती, आणि चेसिस व इंजिनचे नंबर घासून काढलेले असले तरी प्रयोगशाळेत ते परत वाचता आले आणि माग थेट मालकिणीपर्यंत, साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर यांच्यापर्यंत, गेला, अशी ती कहाणी.

घासलेला नंबर परत वाचता येतो, यात जादू नाही. धातूवर आकडा ठोकला की त्याखालचा धातूही दाबला जातो. वरचा थर कानशीने काढला तरी खालचा दाब उरतो. पृष्ठभाग गुळगुळीत करून त्यावर ठरावीक आम्लाचा बोळा फिरवत राहिलं, की दाबलेला भाग आणि न दाबलेला भाग यांवर आम्लाचा परिणाम वेगवेगळा होतो आणि आकडे अंधुक उमटतात. मिनिटभर दिसतात, पुसले जातात, म्हणून तेवढ्यात फोटो घ्यावा लागतो. घासणाऱ्याने खोल घासलं असेल, किंवा स्फोटाच्या उष्णतेने धातूची जात बदलली असेल, तर काही आकडे येतात, काही येत नाहीत. मालेगावच्या गाडीचा चेसिस नंबर पूर्ण उमटलाच नाही. अर्धवट नंबरावरून मालकी ‘असू शकते’, सिद्ध होत नाही. न्यायालयाने तेच म्हटलं.

त्याच्याही आधीचा प्रश्न जास्त मूलभूत होता. स्फोट झाला, हे सिद्ध झालं. बॉम्ब गाडीतच होता, हे झालं नाही. तो गाडीला टांगलेला, गाडीखाली किंवा शेजारी ठेवलेला असू शकत नाही, असं ठामपणे म्हणायला काय लागतं? खड्डा. त्याचा व्यास, खोली, विजेच्या खांबापासून आणि दुकानाच्या पायरीपासून त्याचं अंतर. गाडीचा पत्रा आतून बाहेर फाटलाय की बाहेरून आत दबलाय. तुकडे कोणत्या दिशेला किती लांब उडालेत. हे सगळं नकाशावर, मापासकट, दोन पंचांसमोर, सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ टाकून. मालेगावात घटनास्थळाचा धड नकाशाच नव्हता. बोटांचे ठसे घेतलेले नव्हते. स्फोटानंतर जमाव खवळला, दगडफेक झाली, जागा वेळेवर बंदिस्त झाली नाही, आणि नमुने दूषित झाल्याचा शेरा निकालात आला. साहजिक आहे म्हणा. रात्रीची वेळ, अरुंद रस्ता, जखमींना उचलायला धावणारे लोक. कुणी खड्ड्याभोवती दोरी बांधायला थांबत नाही. पण पोलीस दलाला पगार त्या दोरीचाच असतो.

नमुन्याचा प्रवासही बघण्यासारखा असतो. स्फोटाच्या जागेची माती, कापसाचा बोळा, पत्र्याचा तुकडा वेगवेगळ्या पुड्यांत. शिवाय स्फोटापासून लांबची थोडी माती तुलनेसाठी. प्रत्येक पुडीवर पंचांच्या सह्यांचं लेबल, लाखेचं सील, त्या सीलाचा ठसा वेगळ्या कागदावर. मग पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल रजिस्टरात नोंद, मुद्देमाल कारकुनाची सही, हवालदाराबरोबर प्रयोगशाळेला पत्र, तिथली पोच, आणि यथावकाश सी. ए. रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल. बचावपक्षाचा चांगला वकील स्फोटकाचं रसायनशास्त्र विचारत बसत नाही. तो विचारतो, पुडी हवालदाराच्या ताब्यात दिली त्या दिवसाची नोंद दाखवा. सील शाबूत होतं, असं प्रयोगशाळेच्या पोचेवर कुठे लिहिलंय? लोकल स्फोटांच्या खटल्यात जप्त केलेल्या स्फोटकांचं हेच झालं. ती नीट सीलबंद ठेवल्याचं दाखवता आलं नाही. उच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट नोंदवली आणि ती वाचून थक्क व्हायला होतं: स्फोटांत नेमका कोणत्या प्रकारचा बॉम्ब वापरला, हेच सरकारपक्षाला सिद्ध करता आलेलं नाही. तोवर ‘प्रेशर कुकर बॉम्ब’ हे शब्द वर्तमानपत्रांत इतके छापून आले होते, की त्यात सिद्ध करण्यासारखं काही उरलंय असं कुणाला वाटलंच नसावं.

आता माध्यमं. स्फोटाच्या रात्री बातमी कशी तयार होते, हे ठाऊक असलेल्याला तिची पुढची वीस वर्षंही दिसतात. पहिल्या तासात मृतांचा आकडा. तो रुग्णालयातून एक, कंट्रोल रूममधून दुसरा आणि पालकमंत्र्यांकडून तिसरा येतो. दुसऱ्या तासात ‘सूत्रांच्या माहितीनुसार’. सूत्र बहुतेक वेळा एकच अधिकारी असतो आणि तो सहा बातमीदारांना एकच गोष्ट सांगतो. सकाळी सहा पेपरांत ती आली, की सहा ठिकाणांहून दुजोरा मिळाल्यासारखी दिसते. तिसऱ्या तासात संघटनेचं नाव. इथे घाई सगळ्यात महागात पडते, कारण नाव एकदा छापलं की तपासही त्या नावाकडे वळतो. वरच्यांना विचारायचं असतं, ‘धरले का?’ खालच्यांना उत्तर द्यायचं असतं.

मग अटक, आणि पत्रकार परिषद. काळ्या कापडाने तोंड झाकलेले चौघे-पाचजण, मागे उभे अधिकारी. ते कापड आरोपीच्या अब्रूसाठी नसतं. ओळख परेडीसाठी असतं. साक्षीदाराने पुढे आरोपीला ओळखायचं, तर त्याने मधल्या काळात त्याचा चेहरा पाहिलेला नसावा. परेडीत एका आरोपीमागे साधारण सहा त्याच वयाची, त्याच अंगलटीची माणसं उभी करायची, पोलिसांनी खोलीबाहेर थांबायचं, जागा बदलायची मुभा आरोपीला द्यायची. आता एखाद्या वाहिनीने आरोपीचा कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो मिळवला आणि लाल गोल करून दिवसभर फिरवला, की ही सगळी मेहनत पाण्यात. ‘एक्स्क्लुझिव्ह’ची किंमत सरकारपक्षाने मोजायची. बचावपक्षाला ती बातमीच पुरावा म्हणून हाती लागते.

आणि परेड कुणी घेतली, हेही बघावं लागतं. महाराष्ट्रात ती अनेकदा विशेष कार्यकारी अधिकारी घेतो. लोकल स्फोटांच्या खटल्यात ज्याने परेड घेतली, त्याला त्या वेळी तो अधिकारच नव्हता, असं उच्च न्यायालयाला आढळलं. परेड बाद, म्हणून तिच्यावर उभी असलेली ओळख बाद. शिवाय काही साक्षीदार पोलिसांकडे गेले ते शंभर दिवस उलटल्यावर. शंभर दिवसांपूर्वी टॅक्सीत बसलेल्या माणसाचा चेहरा कोण लक्षात ठेवतो, या प्रश्नाला न्यायालयाला समाधानकारक उत्तर मिळालं नाही.

२००६ ते २००९ हा नार्कोचा काळ होता. बंगळूरुच्या प्रयोगशाळेत औषधाच्या अमलाखाली बडबडणाऱ्या आरोपीची चित्रफीत थेट बातम्यांत यायची आणि खाली पट्टी फिरायची: ‘कबुली’. कायद्याच्या दृष्टीने त्या बडबडीला पुरावा म्हणून कवडीची किंमत नव्हती, आणि संमतीशिवाय अशी चाचणी घेताच येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०१० मध्ये स्पष्ट केलं. पण लोकांच्या डोक्यात कबुली झाली ती झाली.

खरी कबुली वेगळीच असते, आणि तिच्यातही दोन जाती आहेत. मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाब कोणत्याही खटल्यात होऊ शकतो. मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा, लागला की पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुलीही पुरावा ठरते. म्हणून तर मोक्का लावायची एवढी ओढ असते. पण त्याची अट आहे, मागच्या दहा वर्षांत त्या टोळीविरुद्ध एकाहून अधिक आरोपपत्रांची न्यायालयाने दखल घेतलेली असली पाहिजे. मालेगाव २००८ मध्ये ही अट बसते की नाही, यावर वर्षानुवर्षं गेली. २००९ मध्ये विशेष न्यायालयाने मोक्का काढला, २०१० मध्ये उच्च न्यायालयाने परत लावला, २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंका घेतली, २०१६ मध्ये एनआयएने तो सोडून दिला. मोक्का गेला, त्याबरोबर त्याखालच्या कबुल्या गेल्या. मधल्या काळात काही मूळ जबाबच न्यायालयाच्या कागदपत्रांतून गहाळ झाले आणि झेरॉक्सवर भागवायचं का, यावर वेगळी लढाई झाली. यूएपीएखाली, म्हणजे बेकायदा कृत्यांविरुद्धच्या केंद्राच्या कायद्याखाली, खटला चालवायला सरकारची मंजुरी लागते. ते दोन्ही मंजुरी आदेशही अंतिम निकालात सदोष ठरले. यातली कोणतीही घडामोड पहिल्या पानावर फार दिवस टिकली नाही. मंजुरी आदेशातल्या दोषावर चर्चा घडवून आणणारा अँकर अजून जन्माला यायचाय.

शब्द आधी येतात, कागद मागून. तारखा लावून पाहा. केंद्रीय गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी ‘भगवा दहशतवाद’ हा शब्द पोलीस महासंचालकांच्या परिषदेत वापरला तो ऑगस्ट २०१० मध्ये. त्यांच्यानंतरचे गृहमंत्री, आपल्या सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे, जयपूरच्या अधिवेशनात जानेवारी २०१३ मध्ये तेच बोलले आणि महिनाभरात त्यांनी खेद व्यक्त केला. मालेगाव २००८ च्या खटल्यात आरोप निश्चित झाले ऑक्टोबर २०१८ मध्ये. म्हणजे आरोप ठरण्याच्या आठ वर्षं आधी विशेषण ठरलं होतं. उलट बाजूला २००६ पासून एका धर्माच्या नावाने जो शब्द सर्रास छापला जात होता, त्याबद्दल तर कुणाला खेदही व्यक्त करावा लागला नाही. कायद्याकडे पाहिलं तर यूएपीएच्या पंधराव्या कलमात दहशतवादी कृत्याची लांबलचक व्याख्या आहे: स्फोटकं, विषारी पदार्थ, अपहरण, देशाच्या एकतेला धोका, लोकांत दहशत बसवण्याचा हेतू. धर्म हा शब्द त्या व्याख्येत लागत नाही.

मालेगावच्याच पहिल्या स्फोटांनी हे सगळं शिकवायला हवं होतं. ८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, शब-ए-बारात. बडा कब्रस्तान आणि हमीदिया मशिदीचा परिसर, मुशावरत चौक. बॉम्ब सायकलींना लावलेले. तीसहून अधिक लोक गेले. एटीएसने नऊ मुसलमान तरुणांना पकडलं, डिसेंबरात आरोपपत्र दाखल केलं. मुसलमानांनीच आपल्या कब्रस्तानात बॉम्ब का ठेवावेत, याला दंगल भडकवायला असं उत्तर तयार होतं आणि ते छापलंही गेलं. २०१० च्या डिसेंबरात इतर स्फोटांतले आरोपी स्वामी असीमानंद यांनी दिल्लीत मॅजिस्ट्रेटसमोर हिंदुत्ववादी गटाकडे बोट दाखवणारा जबाब दिला (पुढे तो फिरवला) आणि तपासाची दिशा बदलली. २०११ मध्ये सात जण जामिनावर बाहेर आले. दोघे लोकल स्फोटांच्या खटल्यातही आरोपी असल्यामुळे आतच राहिले. २०१३ मध्ये एनआयएने दुसऱ्याच चौघांवर आरोपपत्र ठेवलं. २५ एप्रिल २०१६ ला न्यायालयाने पहिल्या नऊ जणांच्या गटाला आरोपमुक्त केलं, तोवर त्यातला एक जण वारलेला होता.

‘आरोपमुक्त’ म्हणजे खटला चालवण्याइतकंही काही नाही. ‘निर्दोष मुक्तता’ म्हणजे खटला चालला आणि गुन्हा सिद्ध झाला नाही; मालेगाव २००८ ची मुक्तता संशयाचा फायदा देऊन झालेली आहे, आणि कायद्यापुढे ती संपूर्ण मुक्तताच आहे. ‘क्लीन चिट’ नावाची चीज कायद्यात कुठेच नाही. २०१६ मध्ये एनआयएच्या पुरवणी आरोपपत्रानंतर साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर यांना ‘क्लीन चिट’ मिळाल्याचे मथळे आले. डिसेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने एनआयएचं म्हणणं न मानता त्यांच्यावर खटला चालवायचं ठरवलं. मथळा वाचून ज्यांनी पेपर बाजूला ठेवला होता, त्यांना हे सगळंच नंतर विचित्र वाटलं असणार. उपसंपादकाच्या टेबलावर हे चार शब्द, संशयित, आरोपी, दोषी, आरोपमुक्त, काचेखाली लावून ठेवायला हरकत नाही. ‘मास्टरमाइंड’ त्या यादीत नसावा. एकाच गुन्ह्याचे तीन-तीन मास्टरमाइंड आपण छापलेत.

राजकारणाने या प्रकरणात एका माणसाला दोन्हीकडून ओढलं. मालेगाव २००८ चा तपास करणारे एटीएसचे प्रमुख हेमंत करकरे २००८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात हिंदुत्ववादी पक्षांच्या टीकेचं लक्ष्य होते. २६ नोव्हेंबरच्या रात्री ते मारले गेले आणि सकाळी सगळ्यांचे हुतात्मा झाले. पुढच्याच महिन्यात तेव्हाचे केंद्रीय मंत्री अंतुले यांनी त्यांच्या मृत्यूभोवती शंकेचं जाळं विणलं. २०१९ मध्ये भोपाळच्या उमेदवार साध्वींनी आपण करकऱ्यांना शाप दिला होता असं सांगितलं, पक्षाने हात झटकले, विधान मागे घेतलं गेलं, आणि त्या निवडूनही आल्या. करकऱ्यांनी केलेल्या तपासाची कागद म्हणून ताकद किती, हे मात्र त्या सोळा-सतरा वर्षांत दोन्ही बाजूंना तपासावंसं वाटलं नाही. तीनशे तेवीस साक्षीदार तपासले गेले आणि तीसहून अधिक फितूर झाले. फितुरी एका दिवसात होत नाही. घटनेनंतर दहा वर्षांनी साक्ष सुरू झाली, की साक्षीदाराची आठवण, नोकरी, गाव आणि सरकार, सगळंच बदललेलं असतं.

सगळेच खटले असे गेले नाहीत. ४ जून २००८ ला ठाण्याच्या गडकरी रंगायतनात स्फोट झाला, काही दिवस आधी वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात बॉम्ब सापडला होता. तपास तेव्हाच्या एटीएसचाच. २०११ मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना दहा वर्षांची शिक्षा दिली, चौघांना सोडलं. गाजावाजा कमी होता, म्हणून की काय, तीन वर्षांत निकाल लागला. मडगावला २००९ च्या नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री स्कूटरवर स्फोट होऊन बॉम्ब नेणारे दोघेच मेले. त्या प्रकरणातले सहा आरोपी २०१३ च्या अखेरीस सुटले आणि उच्च न्यायालयातही ते टिकलं.

२६/११ च्या थेट प्रक्षेपणावरून सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांचे कान उपटले. त्यानंतर २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत भर पडली: दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट दाखवायचं नाही, नेमलेला अधिकारी अधूनमधून सांगेल तेवढंच. चांगला नियम आहे. पण तो गोळीबार थांबेपर्यंतचा. तपास चालू असताना काय दाखवायचं, याला तो लागू नाही. पोलिसांनी माध्यमांना काय आणि किती सांगावं याची नियमावली करा, असं सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितलं.

मालेगावचा निकाल हजारांहून अधिक पानांचा आहे. त्यात मृतांच्या वारसांना दोन लाख आणि जखमींना पन्नास हजार रुपये द्यायचा आदेश आहे. जखमींचा आकडा सरकारपक्षाने १०१ सांगितला होता. न्यायालयाने ९५ धरला, कारण काही वैद्यकीय प्रमाणपत्रांत फेरफार आढळला. निकालाच्या रात्रीच्या चर्चांत ही सहा माणसं कुठे आली नाहीत.

२०१९ मध्ये साक्षीच्या वेळी ती एलएमएल फ्रीडम टेम्पोत घालून मुंबईच्या सत्र न्यायालयाच्या आवारात आणली होती. ती वर नेता येईना, म्हणून न्यायाधीश आणि दोन्हीकडचे वकील खाली उतरले, टेम्पोपाशी उभे राहून त्यांनी ती पाहिली, पंचाला ती दाखवली, आणि नोंद झाली. अपील निकालात निघेपर्यंत मुद्देमाल नष्ट करता येत नाही. लेबल, सील आणि अर्धा नंबर यांच्यासह ती गाडी अजून सरकारी ताब्यातच असणार.